पाणथळीतील झुडपाला स्वतंत्र जातीचा दर्जा कसा मिळवून द्यावा

एखाद्या दलदलीत वाढणारे झुडूप शेजारच्या माळावरील त्याच नावाच्या झुडपापेक्षा वेगळे दिसते, एवढे निरीक्षण सजग नजरेच्या कोणालाही करता येते. ते झुडूप खरोखर स्वतंत्र जाती आहे असे म्हणण्यासाठी मात्र पुरावा लागतो, आणि तो पुरावा असा मांडावा लागतो की शंभर वर्षांनंतर दुसऱ्या देशातील अनोळखी अभ्यासकालाही तो पडताळून पाहता यावा. हे काम कोणत्या क्रमाने करावे, कुठे घाई टाळावी आणि वनस्पतिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नेमके काय मागते, ते येथे सांगितले आहे. वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, महाविद्यालयीन प्राध्यापक आणि गांभीर्याने काम करणारे हौशी अभ्यासक हे वाचक गृहीत धरले आहेत. 'जाती' हा शब्द स्पीशीज या अर्थाने आणि 'वंश' हा शब्द जीनस या अर्थाने वापरला आहे.

विवेचनाला आधार म्हणून न्यूझीलंडमधील एक उदाहरण घेऊ. मानुका हे तेथील सर्वपरिचित झुडूप. त्याचा मध आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसतो. जेम्स कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या फॉर्स्टर पितापुत्रांनी १७७६ मध्ये त्याला लेप्टोस्पर्मम स्कोपेरियम हे नाव दिले, आणि पुढे न्यूझीलंडच्या किनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंतच्या, तसेच टास्मानिया व आग्नेय ऑस्ट्रेलियातील अनेक रूपांना हेच एक नाव लावले गेले. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या उत्तर भागातील पीटच्या दलदलींत वाढणारा मानुका वेगळा आहे, हे त्या भागात फिरणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले होते. २०२१ मध्ये पीटर डी लांग आणि लुझी श्मिड यांनी त्याचे लेप्टोस्पर्मम रेपो या नावाने स्वतंत्र जाती म्हणून वर्णन प्रसिद्ध केले. माओरी भाषेत रेपो म्हणजे दलदल.

पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थरावर थर साचून तयार झालेली आम्लधर्मी आणि पोषणद्रव्यांनी अत्यंत गरीब अशी जमीन. वायकाटो प्रदेशातील कोपुआटाई ही अशी सुमारे १०,००० हेक्टरांची दलदल असून ती १९८९ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आहे. विशेष म्हणजे याच दलदलींमधून वेतासारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पतीही अलीकडे स्वतंत्र जाती म्हणून वेगळ्या काढल्या गेल्या आहेत: १९९९ मध्ये स्पोराडँथस फेरुजिनियस आणि २०१२ मध्ये एम्पोडिस्मा रोबस्टम. त्यापूर्वी पहिली चॅटम बेटांवरील जातीत, तर दुसरी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडभर पसरलेल्या जातीत मोजली जात होती. पाणथळ ही सभोवतालच्या कोरड्या भूमीने वेढलेली, वेगळ्याच नियमांनी चालणारी जागा असल्यामुळे तेथे अशा वेगळेपणाला वाव असतो. मात्र हीच जागा अभ्यासकाला फसवतेही, कारण पाणी, आम्लता आणि उपासमार यांमुळे कोणतेही सामान्य झुडूप खुरटते, त्याची पाने लहान व जाड होतात आणि ते निराळे भासू लागते. त्यामुळे दिसणारा फरक दलदलीने घडवलेला आहे की झुडपाच्या आनुवंशिक घडणीतच आहे, या एका प्रश्नाभोवती संपूर्ण काम बांधावे लागते.

जुन्या नावाचा अर्थ आधी निश्चित करा

पहिले काम ग्रंथालयात आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, करायचे असते. ज्या जातीतून झुडूप वेगळे काढायचे आहे, त्या जातीचे मूळ वर्णन मिळवावे, तिचा आधारभूत नमुना, म्हणजे टाइप, कोणत्या हर्बेरियममध्ये आहे ते शोधावे आणि तो स्वतः किंवा उत्तम दर्जाच्या प्रतिमेवरून तपासावा. नाव हे वर्णनाला नव्हे, तर टाइपला जोडलेले असते. तो टाइपच दलदलीतून गोळा केलेला निघाला, तर जुने नाव दलदलीतील झुडपाकडे जाते आणि नवे नाव माळावरील झुडपाला द्यावे लागते. एवढी एक गोष्ट सुरुवातीला तपासली नाही, तर पुढील सगळे श्रम उलट्या दिशेने जातात. टाइप हरवलेला असेल किंवा मुळात नेमलेलाच नसेल, तर मूळ साहित्यातून लेक्टोटाइप, म्हणजे नंतर नेमलेला टाइप, निवडण्याची तरतूद संहितेत आहे.

त्यानंतर त्या जातीची आजवर नोंदली गेलेली सर्व पर्यायी नावे, उपजाती आणि प्रकार (व्हरायटी, हा उपजातीखालचा दर्जा) यांची यादी करावी. मानुकाच्या बाबतीत वनस्पतिशास्त्रज्ञ लेनर्ड कॉकेन यांनी नोंदवलेला 'इन्केनम' हा प्रकार आणि असे आणखी काही प्रकार साहित्यात होते. त्यांपैकी एखादे नाव दलदलीतील झुडपालाच दिले गेले होते का, हे टाइप पाहूनच ठरवता येते. येथे अग्रक्रमाचा नियम नीट समजून घ्यावा. अग्रक्रम त्या त्या दर्जापुरताच चालतो. आपल्या झुडपाला पूर्वी कोणी जाती म्हणून वैध नाव दिलेले असेल, तर नवे नाव देण्याचा अधिकार उरत नाही. जुनेच नाव पुन्हा वापरात आणावे लागते. पण ते पूर्वी केवळ प्रकार म्हणून वर्णिले गेले असेल, तर प्रकाराचे विशेषण जातीच्या दर्जाला चढवणे संहितेला बंधनकारक नाही. तरीही ते चढवणेच योग्य, असे माझे मत आहे, कारण त्यामुळे जुने साहित्य आणि नवे नाव यांचा धागा तुटत नाही. या शोधासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूची आणि लंडनमधील क्यू वनस्पतिउद्यानाची वनस्पतींची जागतिक सूची यांपासून सुरुवात करता येते, पण अखेरचा निर्णय मूळ पान पाहूनच घ्यावा.

हर्बेरियममधील जितके नमुने पाहता येतील तितके पाहावेत. नमुने चिकटवलेल्या जुन्या पत्र्यांवरील चिठ्ठ्यांवर अधिवासाविषयी बहुधा 'ओलसर जागा' एवढेच लिहिलेले असते आणि पाणी साचलेले होते की नुसता ओलावा होता, हे कळत नाही. तरीही पूर्वी ते झुडूप कुठे होते आणि आज त्या जागेचे काय झाले आहे, याचा एकमेव पुरावा अनेकदा याच चिठ्ठ्यांत असतो.

दलदलीत काम करताना

प्रत्यक्ष पाहणीची आखणी करताना सर्वांत मोठी चूक होते ती केवळ टोकाच्या जागा निवडण्याची. दलदलीचा मध्य आणि दूरचा कोरडा डोंगर एवढ्याच दोन ठिकाणचे नमुने घेतले, तर फरक दिसणारच. पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दलदलीच्या मध्यापासून काठाकडे आणि तेथून कोरड्या जमिनीकडे जाणारी सरळ रेषा आखावी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने येणारे प्रत्येक झुडूप मोजावे. पाणी कमी होत जाते तसतसा पानांचा आकारही हळूहळू बदलत गेला, मध्ये कुठेही तुटकपणा दिसला नाही, तर स्वतंत्र जातीचा दावा तेथेच दुबळा पडतो. याउलट काठावर दोन्ही रूपे एकाच मातीत, एकमेकांच्या शेजारी वाढत असतील आणि तरीही आपापली लक्षणे राखून असतील, तर त्याच्याइतका बोलका पुरावा निसर्गात दुसरा क्वचितच मिळतो. अशा जागांसाठी वेळ राखून ठेवावा. मात्र चर खणून निचरा केलेले काठ, जळालेले पट्टे आणि गुरे फिरणारे भाग वेगळे नोंदवावेत, कारण विस्कटलेल्या अधिवासात एरवी न भेटणारी रूपे एकत्र येतात आणि त्यांचा संकर होण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी, पाण्याचा सामू, विद्युतवाहकता, पीटची खोली आणि सोबतच्या वनस्पती यांची नोंद करावी. पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजून भागत नाही. पावसाळ्यात आणि कोरड्या महिन्यांत अशी किमान दोनदा ती मोजावी. अनेक स्वतंत्र दलदली पाहणे फार महत्त्वाचे आहे. एकाच दलदलीतील दोनशे झुडपे मोजली, तरी तो एकाच वसाहतीचा पुरावा ठरतो. पाच दलदलींतील प्रत्येकी वीस-तीस झुडपे मोजली, तर त्या मापांना खरे वजन येते.

काही लक्षणे वाळलेल्या नमुन्यात नष्ट होतात, त्यामुळे ती जागेवरच टिपावी लागतात. फुलाचा रंग, झुडपाची ठेवण, खोडाची साल कशी सुटते, फांद्या जमिनीला टेकून मुळे धरतात का, चुरगळलेल्या पानाचा वास कसा येतो, ही त्यांतील मुख्य. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलींमध्ये वाढणारे लिंडेरा सबकोरिएशिया हे झुडूप १९८३ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णिले गेले, तोवर त्याची तेथील इतर लिंडेरा जातींशी गल्लत होत असे. त्या जाती ओळखताना ताज्या पानाचा वास आजही उपयोगी पडतो. नोंदवहीत वासाला रकाना नसेल, तर असे लक्षण कायमचे निसटते. मानुकासारख्या वनस्पतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. तिच्या एकाच झुडपावर उभयलिंगी फुले आणि केवळ नर फुले दोन्ही असतात, म्हणून फुलांची मापे घेण्यापूर्वी बीजांडकोश पाहून फूल कोणत्या प्रकारचे आहे ते लिहून ठेवावे. तिची फळेही फांदीवर दीर्घकाळ राहतात आणि काही वसाहतींत ती आग लागून गेल्यानंतरच उघडतात. फळे बंद आहेत की उघडी आणि ती कोणत्या वयाच्या फांदीवर आहेत, याचीही नोंद हवी.

प्रत्येक मोजलेल्या झुडपाचा नमुना घेणे शक्य नसले, तरी ज्याच्यापासून डीएनए, बी किंवा गुणसूत्रांसाठी साहित्य घेतले, त्या प्रत्येक झुडपाचा दाबून वाळवलेला क्रमांकित नमुना असलाच पाहिजे. डीएनएसाठी कोवळी, निरोगी पाने ताबडतोब सिलिका जेलमध्ये ठेवावीत. पाणथळीतील नमुन्यांना बुरशी लवकर धरते, म्हणून दाबयंत्रातील कागद पहिले काही दिवस रोज बदलावेत. लहान वसाहतीतून उपटून काहीही घेऊ नये. फांद्या पुरेशा होतात.

एकाच बागेत वाढवून पाहणे

माझ्या मते या संपूर्ण मार्गातील सर्वांत निर्णायक आणि सर्वांत अधिक टाळला जाणारा टप्पा हाच आहे. स्वीडनमधील गोटे टुरेसन यांनी १९२० च्या दशकात वेगवेगळ्या अधिवासांतील वनस्पती एकाच बागेत वाढवून पाहिल्या, अधिवासाने घडवलेला तात्पुरता फरक आणि आनुवंशिक फरक वेगळे करून दाखवले आणि १९२२ मध्ये 'इकोटाइप' (अधिवासानुरूप घडलेले आनुवंशिक रूप) ही संज्ञा रूढ केली. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हीसी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात वेगवेगळ्या उंचीवरील बागांत त्याच वनस्पती लावून ही पद्धत पुढे नेली. पाणथळीतील झुडपासाठी हीच पद्धत थोड्या साधनांत वापरता येते.

दलदलीतील आणि कोरड्या जमिनीवरील प्रत्येकी अनेक वसाहतींतून, प्रत्येक वसाहतीतील वेगवेगळ्या मातृझुडपांपासून बी गोळा करावे आणि प्रत्येक मातेचे बी वेगळे ठेवावे. दोन प्रकारच्या कुंड्या तयार कराव्यात: एक गट पीटमिश्रित मातीत, पाणी कायम साचलेले राहील असा, दुसरा गट चांगल्या निचऱ्याच्या मातीत. दोन्ही रूपांची रोपे दोन्ही गटांत लावावीत आणि कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, कारण बागेच्या एका कोपऱ्यातील ऊन किंवा सावलीसुद्धा खोटा फरक निर्माण करते. दलदलीतील झुडपाची रोपे निचऱ्याच्या मातीत वाढून माळावरच्या झुडपासारखी दिसू लागली, तर आपण पाहिलेला फरक दलदलीचा होता, हे स्वीकारावे. ती रोपे कोरड्या मातीतही आपली पाने, ठेवण आणि फुलांची लक्षणे टिकवून राहिली, तर दाव्याला पाया मिळाला.

रोपे बियांपासून करावीत की फांद्यांपासून, असा प्रश्न नेहमी येतो. फांद्या लवकर फुलतात आणि मातृझुडपाचीच हुबेहूब प्रत असतात, हा त्यांचा लाभ. पण त्या आपल्यासोबत जुन्या परिस्थितीचा परिणाम काही काळ घेऊन येतात. बियांमध्ये हा दोष कमी असतो, मात्र शेजारच्या रूपाशी परागीभवन होऊन संकरित रोपे उगवण्याची शक्यता असते. ती शक्यता वाईट नाही. उलट एकाच मातेच्या रोपांत मोठी विविधता दिसली, तर काठावर संकर होत असल्याचे तीच सांगते. साधने असतील तर दोन्ही पद्धती वापराव्यात आणि झुडपे फुलेपर्यंत प्रयोग चालू ठेवावा. झुडपाला फुलण्यास काही वर्षे लागतात, म्हणून बी पहिल्याच हंगामात पेरावे आणि बाकीचे काम त्याच्या जोडीने चालू ठेवावे.

बागेत टिकलेला फरक आनुवंशिक आहे एवढे सिद्ध होते. तो स्वतंत्र जातीचा आहे की एकाच जातीच्या अधिवासानुरूप घडलेल्या इकोटाइपचा, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी पुढील पुरावा लागतो.

मापे, गुणसूत्रे आणि डीएनए

मापांचे विश्लेषण करताना झुडपे आधीच दोन गटांत वाटून घेऊ नयेत. प्रथम सर्व झुडपांची मापे एकत्र ठेवून, गटांची नावे न सांगता, मुख्य घटक विश्लेषणासारखी (अनेक मापांचे सार मोजक्या अक्षांवर मांडणारी) पद्धत वापरावी आणि गट आपोआप पडतात का ते पाहावे. विभेदक विश्लेषण हे आधी दिलेले गट अधिकाधिक वेगळे दाखवण्यासाठीच रचलेले आहे. ते पुरावा म्हणून पुढे ठेवायचे असेल, तर काही झुडपे बाजूला ठेवून त्यांची ओळख त्यातून बरोबर होते का, हे तपासून दाखवावे. एखादे लक्षण सरासरीत वेगळे असणे आणि त्यावरून हातातील झुडूप ओळखता येणे यांत मोठे अंतर आहे. ओळखतालिकेत, म्हणजे लक्षणांवरून जाती ओळखण्याच्या तक्त्यात, उपयोगी पडतील अशी किमान दोन-तीन परस्परांशी न जोडलेली लक्षणे मिळावीत, अशी अपेक्षा ठेवावी. पानाची लांबी आणि पानाची रुंदी ही दोन लक्षणे म्हणून मोजू नयेत. ती बहुधा एकाच गोष्टीची दोन रूपे असतात.

गुणसूत्रांची संख्या वेगळी निघाली, तर काम बरेच सोपे होते. लेप्टोस्पर्ममसारख्या वंशात, जेथे २२ ही संख्या सर्वत्र आढळते, तेथे मात्र तिचा उपयोग होत नाही. फुलण्याचा काळ दोन्ही रूपांत किती वेगळा आहे, हे एकाच ठिकाणी दोन-तीन हंगाम पाहून नोंदवावे; शेजारी वाढणारी दोन रूपे निरनिराळ्या महिन्यांत फुलत असतील, तर त्यांच्यातील देवाणघेवाण का थांबली, याचे कारणच हाती येते.

डीएनएबद्दल अपेक्षा आणि भीती दोन्ही अवाजवी असतात. वनस्पतींच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवण्यासाठी, २००९ मध्ये सुचवलेले आरबीसीएल आणि मॅटके हे दोन जनुकभाग वंश ओळखण्यास उत्तम आहेत, पण नुकत्याच विभक्त झालेल्या जातींत ते बहुधा एकसारखेच निघतात. तेवढ्यावरून 'फरक नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. अशा वेळी संपूर्ण जनुकसंचावर विखुरलेली हजारो एकाक्षरी बदलस्थाने (डीएनएच्या एकाच अक्षरात फरक पडणाऱ्या जागा) तपासणाऱ्या पद्धती वापराव्यात आणि नमुने केवळ दोन टोकांचे न घेता संपूर्ण पसाऱ्यातून घ्यावेत.

बाह्य लक्षणे आणि जनुके यांचे नेहमीच जुळते असे नाही, हे मानुकाच्या नात्यातील कानुकाकडे पाहिल्यास कळते. ही झुडपे पूर्वी लेप्टोस्पर्मममध्येच गणली जात. १९८३ मध्ये जॉय थॉम्पसन यांनी त्यांना कुंझिया वंशात नेले. २०१४ मध्ये पीटर डी लांग यांनी न्यूझीलंडच्या कुंझियाचा सविस्तर आढावा घेऊन तेथे १० जाती मान्य केल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने मात्र विविधतेची रचना मुख्यतः भौगोलिक असल्याचे दाखवून या वर्गीकरणाला आव्हान दिले. अशी मतभिन्नता हे शास्त्राचे अपयश मानू नये. मात्र नवा दावा मांडणाऱ्याने आपल्या लेखात कोणता पुरावा आहे, कोणता नाही आणि कोणता निष्कर्ष निघाल्यास आपला दावा मागे घ्यावा लागेल, हे स्पष्ट लिहून ठेवावे.

या सगळ्यानंतर दर्जा ठरवावा. अनेक स्वतंत्र लक्षणे, बागेत टिकलेला फरक, शेजारी वाढूनही न मिसळणे आणि जनुकीय विभाजन, यांपैकी बहुतेक गोष्टी एकाच दिशेने बोलत असतील, तर जातीचा दर्जा योग्य आहे. रूपे भौगोलिकदृष्ट्या वेगळी, पण सीमेवर सर्रास मिसळणारी असतील, तर उपजाती पुरेशी आहे. संरक्षण मिळावे म्हणून दर्जा वाढवण्याचा मोह होतो; तो कळकळीतून येतो हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की कच्च्या पुराव्यावर दिलेले नाव पुढे रद्द झाले, तर त्या दलदलीच्या बाजूने बोलणाऱ्यांचीच पत कमी होते. धोक्याच्या यादीत नोंद होण्यासाठी नावाची वाट पाहावीच लागते असेही नाही. न्यूझीलंडमध्ये अद्याप वर्णन न झालेली रूपे हर्बेरियममधील नमुन्याच्या क्रमांकासह तात्पुरत्या नावाने धोक्याच्या यादीत घेतली जातात. ही पद्धत आपल्याकडेही अनुकरणीय आहे.

वैध प्रकाशनासाठी संहितेच्या अटी

सध्याची संहिता २०२४ च्या माद्रिद येथील वनस्पतिशास्त्र परिषदेतील निर्णयांवर आधारलेली असून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. १ जानेवारी १९५८ पासून टाइप निर्देशित केल्याशिवाय नव्या जातीचे नाव वैध ठरत नाही; १ जानेवारी १९९० पासून टाइप कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे हेही लिहावे लागते. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा निदान (इतर जातींपासूनचे फरक सांगणारा मजकूर) लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालते, आणि त्याच दिवसापासून आयएसएसएन (नियतकालिकाचा) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा) क्रमांक असलेल्या पीडीएफ स्वरूपातील ऑनलाइन प्रकाशनही ग्राह्य आहे. केवळ मराठीत वर्णन छापून नाव वैध होणार नाही, पण इंग्रजी निदानाच्या जोडीला सविस्तर मराठी वर्णन देण्यास कोणतीही आडकाठी नाही. जुना प्रकार जातीच्या दर्जाला चढवायचा असेल, तर त्या मूळ नावाचा लेखक, ग्रंथ, पृष्ठ आणि वर्ष यांचा पूर्ण व थेट उल्लेख आवश्यक आहे. १ जानेवारी १९५३ पासून ही अट लागू आहे.

टाइप निवडताना हौशी आणि व्यावसायिक दोघेही एक चूक करतात. होलोटाइप, म्हणजे लेखकाने नेमलेला एकमेव मुख्य टाइप, हा एकाच वेळी, एकाच ठिकाणी केलेल्या संकलनातील असावा लागतो. फुले एका महिन्यात आणि फळे सहा महिन्यांनी त्याच झुडपावरून गोळा केली, तरी ती दोन वेगळी संकलने ठरतात आणि ती एकत्र करून एक टाइप करता येत नाही. म्हणून ज्या दिवशी फुले आणि फळे दोन्ही झुडपावर असतील तो दिवस साधावा. मानुकासारख्या जुनी फळे धरून ठेवणाऱ्या झुडपात हे सहज जमते. नाहीतर ओळखीसाठी अधिक महत्त्वाची अवस्था टाइप म्हणून निवडून दुसरी सोबतच्या नमुन्यांत नोंदवावी. टाइप दलदलीच्या गाभ्यातील, संकराचा संशय नसलेल्या वसाहतीतून घ्यावा आणि त्याच संकलनातील जादा पत्रे आयसोटाइप म्हणून निरनिराळ्या हर्बेरियमना द्यावेत, जेणेकरून एखाद्या ठिकाणी अपघात झाला तरी पुरावा उरेल. जिवंत रोप टाइप होऊ शकत नाही.

निदानात केवळ फरक लिहावेत आणि ते तुलनात्मक असावेत. 'पाने लहान' असे न लिहिता, कोणत्या जातीपेक्षा, किती मिलिमीटर आणि किती झुडपांवरून, हे लिहावे. सोबत ओळखतालिका, रेखाचित्र, मापपट्टीसह छायाचित्रे आणि पाहिलेल्या सर्व नमुन्यांची यादी द्यावी. जातीचे विशेषण निवडताना स्थानिक भाषेतील शब्द घ्यायचा असेल, तर त्या लोकांशी आधी बोलून घ्यावे.

भारतातील अभ्यासकांसाठी

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्याने शोधलेल्या जातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवणे आणि तिचे नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. या कायद्यात २०२३ मध्ये सुधारणा झाल्या आहेत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी राज्य जैवविविधता मंडळाकडून सध्याची प्रक्रिया समजून घ्यावी, विशेषतः नमुने किंवा डीएनए परदेशातील सहकाऱ्यांकडे पाठवायचे असतील तर. राखीव वने, अभयारण्ये आणि कांदळवने यांत संकलनासाठी वनविभागाची लेखी परवानगी पहिल्या भेटीआधीच हवी. तुलनेसाठी आणि नमुने ठेवण्यासाठी महाराष्ट्रात चांगली सोय आहे: पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियम आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. लेखासाठी दलदलीचा नेमका ठिकाणा देताना संयम ठेवावा. झुडपाला बागकामाची किंवा औषधी मागणी असेल, तर अचूक अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या नोंदीत ठेवून छापील लेखात तालुक्यापर्यंतच माहिती द्यावी.

प्रकाशनानंतर

नव्या जातीबरोबरच तिची धोक्याची पातळी प्रस्तावित करावी. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांत व्याप्तीक्षेत्र (जातीच्या सर्व ठिकाणांना वेढणारे क्षेत्र) आणि दोन किलोमीटर बाजूच्या चौकटींवर मोजलेले वसाहतक्षेत्र विचारात घेतले जाते. व्याप्ती ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि घट व विखुरलेपण यांच्या अटी पूर्ण होत असतील, तर जाती 'संकटग्रस्त' गटात येते. पाणथळींतील जातींचे वसाहतक्षेत्र बहुधा फारच लहान निघते, म्हणून ते दलदलींच्या जुन्या आणि आजच्या नकाशांवरून काळजीपूर्वक मोजावे. न्यूझीलंडमधील सुमारे ९० टक्के पाणथळी युरोपीय वसाहतीनंतर निचरा करून संपवल्या गेल्या आणि मोआनाटुआटुआसारख्या हजारो हेक्टरांच्या दलदलीचा आज छोटा तुकडा उरला आहे. अशा भूमीवरील झुडपाचा धोका केवळ झुडपे मोजून कळत नाही. मानुकाच्या कुलातील वनस्पतींवर पडणारा मर्टल रस्ट हा तांबेरा २०१७ मध्ये तेथे पोहोचला, म्हणून रोगाचा विचारही मूल्यमापनात करावा लागतो. बागेतील प्रयोगासाठी जमवलेले बी शिल्लक असेल, तर मातृझुडपांच्या क्रमांकांसह ते बीजपेढीकडे सोपवावे.

लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याची प्रत आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूचीकडे, राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि त्या दलदलीच्या गावातील जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे पाठवावी. त्यानंतर ज्या ज्या हर्बेरियममधील नमुने पाहिले होते, तेथे परत जाऊन प्रत्येक पत्र्यावर नवे नाव, स्वतःचे नाव आणि तारीख लिहिलेली निर्धारणचिठ्ठी लावावी. जुनी चिठ्ठी काढू नये किंवा झाकू नये. ज्या नमुन्यांबद्दल खात्री झाली नाही, त्यांच्यावरही तसे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला कुठून सुरुवात करायची ते कळेल.